काल्हेरच्या इंटरकॉमची सही

ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच तर आधी माझ्या लिहिण्याबद्दल माफ करा. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून नीट कळत नाही. अक्षर तर गर्दीच्या रिक्षात बसलेल्या बायकांसारखं आहे, कोणी वर, कोणी खाली, कोणी अर्धी बाहेर. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागायचं, आणि रस्त्यावर दिवसभर ट्रक. घरच्यांनी पाठवलं नाही. मीही हट्ट केला नाही. हट्ट करायला बोलावं लागतं, आणि बोलणं मला तेव्हाही जमत नव्हतं.

अजूनही चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. बाजारात भाव न विचारता भाजी घेऊन येते, मग घरी बोलणी खाते. म्हणून हे कोणाला सांगण्यापेक्षा लिहिते आहे.

आमचे हे आधी भिवंडीत लूमवर होते. तो कारखाना बंद झाला तेव्हा एका ठेकेदाराच्या हाताखाली वायरिंग शिकले आणि काही वर्षांनी स्वतःची कामं घेऊ लागले. दरवाज्याची बेल, इंटरकॉम, गेटवरचे कॅमेरे. आम्ही भिवंडीजवळ पूर्ण्याला राहतो. आमच्या आजूबाजूला जिथे भात व्हायचा तिथे आता गोदामं आहेत. तिकडे काल्हेरला दरवर्षी नव्या बिल्डिंगा उभ्या राहतात. गोदामाला कॅमेरा लागतो, बिल्डिंगला इंटरकॉम लागतो. त्यामुळे कामाची वाण नव्हती.

मी त्यांच्याबरोबर जायची. वायर सोलायची, टोकांना नंबरच्या चिकटपट्ट्या लावायची, वर ते वायर ढकलत असले की खाली धरून ओढायची. आणि सगळं जोडून झालं की टेस्टिंग माझ्याकडे. वॉचमनच्या केबिनमध्ये बसायचं आणि एकेका घरात फोन लावायचा.

आता हे मलाच नवल वाटतं, पण इंटरकॉमवर मला बोलता यायचं. समोर तोंड दिसत नसलं की जीभ आपोआप सुटायची.

"हॅलो, इंटरकॉमवाली बोलतेय. ऐकू येतंय का?"

"येतंय. दूधवाला खाली आलाय का बघ गं."

"हॅलो, आवाज नीट येतोय का?"

"कोण? पार्सल आहे काय? वर पाठव."

"पार्सल नाही दादा, टेस्टिंग आहे."

"मग टेस्टिंग वर पाठव."

असं चालायचं. हे हसायचे. म्हणायचे, "घरात मुकी आणि वायरवर वकील."

ज्या कामाबद्दल लिहायचं आहे ते काल्हेरचं. सात मजल्यांची नवी सोसायटी होती. कमिटीने इंटरकॉम आणि गेटचे कॅमेरे मिळून नव्वद हजारांचं काम यांना दिलं. निम्मे, म्हणजे पंचेचाळीस हजार आधी आणि निम्मे काम पास झाल्यावर. आमच्यासाठी ते फार मोठं काम होतं. मिळालेल्या पैशांतून यांनी फोन, कॅमेरे, मेन डबा, वायरची बंडलं सगळं लगेच विकत आणलं. उरलं ते मागची दोन देणी देण्यात गेलं. हातात काही राहिलं नाही, पण माल आणला होता म्हणून काळजी नव्हती.

कमिटीतले एक गृहस्थ सातव्या मजल्यावर राहायचे. बिल्डिंगला नुकताच आतून रंग दिला होता आणि ते काम त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. आम्ही त्यांना आपसात रंगवाले साहेब म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी यांना बजावलं, "वायर भिंतीतल्या पाइपातून न्या. बाहेरून ती प्लॅस्टिकची पट्टी नको. माझ्या रंगाला हात लावायचा नाही."

"न्हाय लावणार साहेब," हे म्हणाले.

बिल्डरने इंटरकॉमसाठी वेगळा पाइप ठेवला होता खरा. चौथ्या मजल्यापर्यंत वायर सरसर गेली. चौथ्याच्या आणि पाचव्याच्या मध्ये पाइपात सिमेंट जाऊन बसलेलं. यांनी तार घालून बघितली, पाणी सोडून बघितलं, पाइप काही मोकळा झाला नाही. बाहेरून पट्टी मारली असती तर दोन तासांचं काम होतं. पण रंग.

मग यांनी काय केलं, तर शेजारच्या पाइपातून वायर नेली. त्या पाइपातून जिन्याच्या दिव्यांची लाइट जाते. घरातली असते तीच लाइट, दोनशे तीस व्होल्टची. फोनच्या बारीक वायरी तिच्या अंगाला घासून पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्यावर गेल्या. या लाइनीत असं पुष्कळ जण करतात. पाइप जाम झाला की शेजारच्याचा आधार घ्यायचा, आणि झाकण लावून टाकायचं.

टेस्टिंगच्या दिवशी मी खालून फोन लावत गेले. चौथ्यापर्यंत आवाज स्वच्छ. पाचव्यावर एक मावशी राहायच्या, एकट्याच. मुलगा-सून नोकरीला गेले की संध्याकाळपर्यंत घरात दुसरं कोणी नसे. त्यांनी फोन उचलला.

"अगं बाय, तुझ्याबरोबर आणखी कोण बोलतंय?"

"कोणी नाही मावशी. मी एकटीच आहे."

"मग हे गुणगुणतंय कोण? भुंगा शिरलाय बघ ह्यात. आमचे मालक होते ना, तसंच. बोलायचे न्हाय, नुसतं हूं हूं हूं."

मलाही ऐकू येत होतं. सहाव्यावर तेच, सातव्यावर जरा जास्त. मी यांना वर जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "शेजारून लाइट जातेय, त्याचा आवाज हाय तो. वायरला कव्हर हाय. काय बी होत न्हाय."

"कव्हर घासलं तर?"

"घासायला तिथं काय उंदीर नाचतायत?"

मी खाली केबिनमध्ये परतले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं असंच मी आतापर्यंत धरून चालले होते, आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं.

त्यानंतर त्या मावशी रोज फोन करायच्या. कॅमेऱ्यांचं काम बाकी होतं म्हणून आम्ही तिथे असायचो. दुपारी केबिनमधला फोन वाजला की वॉचमन मला हाक मारायचा, "ताई, तुमचा भुंगा." मावशी जेवण काय केलं ते सांगायच्या, गुडघ्याचं सांगायच्या. फोन कानाला अगदी चिकटवून ठेवायच्या, कारण एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. मी इकडून "हो का", "मग" एवढंच म्हणायची. पण सगळा वेळ ती गुणगुण चालू असायची आणि माझं लक्ष त्यांच्या कानाकडे असायचं.

काम संपत आलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी कागद मागितला. जवळच्याच एका बिल्डिंगमध्ये मीटर रूम जळाली होती. कोणाला लागलं नव्हतं, पण सगळे घाबरले होते. सेक्रेटरी म्हणाले, "लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट आणा. त्यावर सही-शिक्का पाहिजे. मग उरलेले पैसे."

यांच्याकडे गुमास्ता होता. तो दुकान-धंद्याचा कागद. वायरमनचा परवाना नव्हता, कॉन्ट्रॅक्टरचं लायसन तर दूरच. आजपर्यंत त्याचं काही अडलं नव्हतं, कारण भिवंडीत सही मिळते. ज्याच्याकडे लायसन आहे त्याच्याकडे जायचं, कामाप्रमाणे पैसे द्यायचे, तो रिपोर्टवर सही करून देतो. काम कुठे आहे, कसं आहे, हे तो विचारत नाही. यात कोणाला लाजही वाटत नाही. लग्नाला मंडप भाड्याने आणतात तशी सही भाड्याने आणायची.

यांनी एका चाचांचं नाव काढलं. म्हातारे गृहस्थ, सगळं आयुष्य लूमच्या कारखान्यांची वायरिंग करण्यात गेलेलं. त्यांचं छोटं दुकान होतं, आजूबाजूला लूमची खडखड एवढी की मोठ्याने बोलावं लागे. मी यांच्याबरोबर गेले होते, कारण तिथून पुढे बाजारात जायचं होतं.

चाचा म्हणाले, "कितना बड़ा काम है?"

"सात माला चाचा. इंटरकॉम, कॅमेरा."

"इंटरकॉम का तो परमिट कोई पूछता नहीं. बारा-चौबीस वोल्ट का खेल है. उसको पावर कहाँ से दिया?"

"मीटर रूममधून. एक पॉइंट काढला."

"बस, वही पॉइंट के लिए मेरी सही चाहिए. जहाँ दो सौ तीस को हाथ लगा, वहाँ लायसन लगा. छह हज़ार दे देना." आणि त्यांनी कागद पुढे ओढला, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

यांनी खिशातून पैसे काढले. शेजारणीकडून आणलेले होते. पेन कागदाला टेकलं.

मी म्हणाले, "एकदा येऊन बघा ना."

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. मला सही करता येते, चौथीपर्यंत शिकल्याचा तोच मोठा फायदा. गोदामात, बँकेत, शाळेत मुलीच्या निकालावर मी सही केली आहे, आणि दर वेळी आधी कागद बघितला आहे, वाचायला वेळ लागला तरी. चाचांचं पेन टेकलेलं बघितलं तेव्हा एवढंच मनात आलं, की त्यांनी काहीच बघितलेलं नाही. आणि त्या मावशींनी आता या वेळी फोन कानाला लावलेला असेल.

लूमच्या आवाजात चाचांना ऐकू गेलं नाही. "क्या बोली बेटी?"

हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता गप्प बसावं. पण एकदा म्हटलेलं परत गिळता येत नाही. मी म्हणाले, "आप एक बार आके देखो. मग सही करा."

चाचांनी चष्मा काढला. आधी मला वाटलं, रागावले. पण ते यांना म्हणाले, "तेरी बीवी है? पंधरा-बीस साल में पहली बार किसी ने बोला, आके देखो. सब सही माँगते हैं. मेरेको कोई नहीं बुलाता."

दुसऱ्या दिवशी ते आले. खांद्याला जुनी पिशवी, त्यात टेस्टर आणि पक्कड. मीटर रूममधला पॉइंट बघितला, मान डोलावली. "अच्छा किया है. साफ काम है." हे खूश झाले. मग मी त्यांना केबिनमध्ये फोन दिला आणि पाचवा मजला लावला. त्यांनी ऐकलं आणि ते लिफ्टने वर गेले. पाचव्या मजल्यावर जिन्याजवळचं झाकण उघडलं. आत लाल-काळ्या जाड वायरींच्या मध्ये आमच्या करड्या बारीक वायरी.

"ये क्या है?"

"पाइप जाम होता चाचा."

"तो बाहर से पट्टी मारता."

"सोसायटी बोलली, भिंतीला हात न्हाय लावायचा."

"दीवार का रंग बड़ा कि आदमी का कान बड़ा?" चाचा म्हणाले. मग आवाज खाली आणून यांना समजावलं. फोनच्या वायरीचं कव्हर पातळ असतं. ते दोनशे तीसच्या वायरीबरोबर एका पाइपात ठेवायचंच नाही, हा नियम आहे. एके दिवशी कव्हर उष्णतेने गेलं तर लाइट फोनच्या वायरीत उतरेल आणि सरळ कानापर्यंत जाईल. "परमिट इसी के लिए है बेटा. काग़ज़ के लिए नहीं है."

त्यांनी सही केली नाही. आल्याचे पैसेही घेतले नाहीत. एवढं मात्र म्हणाले की मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. आणि सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी विचारलं.

घरी आल्यावर हे चप्पल काढता काढता म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं? पेन टेकलं होतं कागदाला." मी भात लावायला गेले. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलायचो.

दोन दिवसांनी सोसायटीने पार्किंगमध्ये मीटिंग घेतली. खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातली एक आम्हाला कोणी दिली नाही. हे उभे होते आणि मी खांबाच्या आड. हे म्हणाले, "माझी चूक हाय. मी माझ्या खर्चानं वरचे तीन मजले बाहेरून पट्टीतून करून देतो."

कोणी तरी मागून म्हणालं, "आधी चोरून केलंत, आता खरं करताय हे कोण बघणार?"

"स्वस्तातला माणूस आणला की असंच होतं," एक बाई म्हणाल्या.

मी रंगवाल्या साहेबांकडे बघत होते. ते खुर्चीत मोबाइल बघत बसले होते. पट्टी नको हे कोणी सांगितलं होतं ते त्यांनी काही काढलं नाही. यांनीही काढलं नाही. यांचा स्वभाव तसा, चूक आपल्या हाताने झाली ना, मग दुसऱ्याचं नाव कशाला. मला मात्र सांगावंसं वाटत होतं. शब्द अगदी ओठाशी होते. पण समोर पन्नास तोंडं होती.

शेवटी सेक्रेटरी उठले. "सगळी वायर आणि सामान काढून घ्या. आणि आमचे पंचेचाळीस हजार या महिन्याच्या आत परत. नाहीतर मी पोलिसात अर्ज देणार. परवाना नसताना लाइटच्या पाइपात वायर घातली, लोकांच्या जिवाशी खेळ केला, हे सगळं लिहून देणार."

तो अर्ज गेला असता तर यांना पुन्हा कोणी काम दिलं नसतं. काल्हेरपासून मानकोलीपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. आणि महिन्यात पंचेचाळीस हजार आम्ही कुठून आणणार होतो? हातावरचं पोट. तेव्हा आमच्यासमोर हीच एक गोष्ट होती. पैसे देऊ, पण देण्यापुरता वेळ मिळाला पाहिजे.

काढण्याच्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. आपण केलेलं काम आपणच काढायचं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. घालताना वायर ढकलावी लागते, काढताना आपोआप निघून येते, आणि जमिनीवर तिचे वेटोळे पडत जातात. हे सातव्यावर गेले. मी केबिनमध्ये. प्रत्येक घरात सांगायचं होतं की आता फोन बंद होणार.

पहिला फोन रंगवाल्या साहेबांच्या घरी लावला. त्यांनीच उचलला.

"हॅलो, इंटरकॉमवाली बोलतेय. आता तुमची लाइन काढतोय."

"हं. काढा."

मी फोन ठेवणार होते. पण तोंड दिसत नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात, रंगाला हात लावायचा नाही."

तिकडे गुणगुण ऐकू येत राहिली.

"यांनी चूक केली ती केलीच," मी म्हणाले. "बाहेरून पट्टी मारायला पाहिजे होती, तुम्ही रागावला असतात तरी. पण मीटिंगमध्ये तुम्ही बसला होतात. आम्ही पैसे बुडवणार नाही. फक्त महिन्यात जमणार नाही."

ते म्हणाले, "म्हणालो होतो मी. खरं आहे." आणि फोन ठेवला.

वॉचमनने मला पाणी दिलं. तो म्हणाला, "ताई, आज किसको डाँटा?"

पाचव्यावर मावशी म्हणाल्या, "माझा फोन शेवटी काढ गं. बाकीच्यांचे काढ आधी."

"मावशी, तुमचाच आधी काढायला हवा. धोका आहे त्यात."

"मग आता मी कोणाशी बोलू?"

"मी येईन ना."

"येशील? समोर आलीस की तुझ्या तोंडातून शब्द निघत न्हाय. बसून काय करशील?"

"ऐकेन."

मी खरंच नंतर दोन-तीनदा गेले. त्या बोलल्या, मी ऐकलं, चहा प्यायले. पुढे त्यांच्या मुलाने घर बदललं.

दुपारी रंगवाले साहेब खाली उतरले. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ सेक्रेटरींच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी सेक्रेटरींनी यांना बोलावून सांगितलं, "अर्ज देत नाही. पण पैसे पूर्ण पाहिजेत. हप्त्याने द्या. दर महिन्याला काही तरी यायला हवं, नाहीतर मग बघू."

घरी आल्यावर मी यांना फोनवरचं सांगितलं. ते म्हणाले, "तू? त्याला? सरळ सरळ?" मग हसायला लागले. इतक्या दिवसांनी हसले. आमच्यातला अबोला तिथे सुटला, पूर्ण नाही, पण सुटायला लागला.

फोन, कॅमेरे आणि मेन डबा दुकानदाराने परत घेतले, पण वापरलेला माल म्हणून निम्म्याहून कमी भाव दिला. त्याचे अठरा हजार तसेच सोसायटीत नेऊन दिले. राहिले सत्तावीस. मी पूर्ण्याच्या एका गोदामात लागले. खोक्यांवर स्टिकर लावायचे आणि चिकटपट्टी मारून खोकं पुढे सारायचं. तिथे बोलायचं काम नसतं, मला बरं वाटलं. हे काही दिवस मानकोलीला माल चढवायला गेले. पाठ धरली. मग एके सकाळी न सांगता चाचांकडे गेले आणि म्हणाले, मला हाताखाली घ्या.

चाचा म्हणाले, "सही के बिना काम करने को आया, कि सही सीखने को?"

"शिकायला."

तेव्हापासून हे त्यांच्याबरोबर काम करतात. आता एक पॉइंट काढायचा तरी दोघं जाऊन बघून येतात. गोदामवाले आगीच्या भोंग्याचं काम विचारायला येतात तेव्हा हे सांगतात की त्याचं लायसन वेगळं असतं, ते आमच्याकडे नाही, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. गिऱ्हाईक जातं. आधी हे मनाला लावून घ्यायचे, आता इतकं नाही. वायरमनच्या परवान्यासाठी त्यांनी अर्ज केला आहे. मी त्यांना नियम वाचून दाखवते. माझं वाचणं हळू, पण ते म्हणतात, हळूच बरं, डोक्यात बसतं.

आधी मला वाटायचं, लायसन म्हणजे सरकारने पैसे घ्यायचं निमित्त. अजूनही थोडं तसंच वाटतं, कारण सही अजूनही भाड्याने मिळते, भिवंडीत काही ते बंद झालेलं नाही. चाचांनी एकट्याने बंद केलं. त्यांचं उत्पन्न कमी झालं आणि त्यांच्या मुलाने म्हणे आमच्या यांनाच नावं ठेवली. एखाद्याने येऊन बघायचं ठरवलं तर त्याची किंमत अशी कोणाकोणाला मोजावी लागते. मी ते बोलले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. कदाचित काहीच झालं नसतं. वायरीचं कव्हर टिकलं असतं, उरलेले पंचेचाळीस हजार मिळाले असते, मुलीला कॉलेजला जायला नवी सायकल आली असती. हे मला खरंच माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून मी स्वतःला शहाणी म्हणत नाही.

दर महिन्याला आम्ही काल्हेरला जायचो. कधी दोन हजार, कधी हजार. एका महिन्यात यांना ताप आला तेव्हा पाचशेच नेले. सेक्रेटरींनी नोटा बघितल्या, तोंड वाकडं केलं, पण घेतल्या. तिथे आता दुसऱ्या कंपनीचा इंटरकॉम आहे. वायर बाहेरून पट्टीतून गेली आहे, सातव्या मजल्यापर्यंत सरळ, रंगाच्या वरून. पट्टी पांढरी आहे, फारशी दिसत नाही. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा यांनी मुद्दाम बोट फिरवून बघितलं, सांधे नीट बसवलेत का ते. म्हणाले, "बरं केलंय."

शेवटचे पंधराशे राहिले होते. त्या रविवारी आम्ही दोघं गेलो. सेक्रेटरी ऑफिसमध्ये बसले होते. यांनी पैसे टेबलावर ठेवले. सेक्रेटरींनी मोजले, पावती फाडली, आणि पहिल्यांदाच म्हणाले, "बसा."

आम्ही बसलो.

"खरं सांगू? मला वाटलं होतं, सात-आठ हप्त्यांनंतर तुम्ही दिसणार नाही."

मीच म्हणाले. तोंड समोर होतं, तरी म्हणाले, "साहेब, आता काही बाकी राहिलं का?"

त्यांनी जुन्या पावत्यांचे गठ्ठे काढून एकदा बेरीज केली. "काही नाही. पंचेचाळीस हजार पूर्ण जमा."

यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि आम्ही उठलो.